पांढरे डाग, कोडाचे उपचार आणि उशिरा सापडलेला त्वचेचा लिम्फोमा

रानवारा:

नमस्कार मंडळी. बरेच दिवस लिहायचं मनात होतं, आता रिपोर्ट सगळे हातात आलेत तर लिहूनच टाकते. माझ्या कमरेखाली, मांड्यांवर आणि दंडाच्या आतल्या बाजूला जे फिकट पांढरे डाग आहेत ते कोड नाही, हायपोपिगमेंटेड (म्हणजे रंग फिका पडलेला) मायकोसिस फंगॉइड्स आहे असं पक्कं निदान झालंय. हा त्वचेचा लिम्फोमा. म्हणजे कॅन्सरच, टी सेल या रक्तातल्या पांढऱ्या पेशींचा, पण अतिशय संथ चालणारा, आणि माझा अगदी सुरुवातीच्या स्टेजचा आहे. नाव वाचून बुरशी वाटते, तिचा काही संबंध नाही.

लिहायचं कारण हे की निदानाला कितीतरी वर्षं गेली आणि त्या वर्षांत मला एकदाही कुणी बायोप्सी सुचवली नाही. आधी शिबं म्हणाले, बुरशीचं मलम झालं, शांपू झाला, काही फरक नाही. मग दुसऱ्या डॉक्टरांनी दुरूनच बघून सांगितलं की कोड सुरू होतंय. स्टेरॉइड मलम, टॅक्रोलिमस, मग लाइट थेरपी म्हणजे नॅरोबँड यूव्हीबी. आणि इथे गंमत नाही, खरा घोळ झाला, कारण लाइट थेरपीने रंग भरून आला! घरचे खूश, डॉक्टर खूश, मी तर हवेत. रंग परत आला म्हणजे कोडाचं निदान बरोबर होतं असं सगळ्यांनीच धरलं. थेरपी थांबली आणि काही महिन्यांत त्याच जागी डाग परत, शिवाय दोनचार नवीन.

आता कळतंय की नॅरोबँड यूव्हीबी ही या लिम्फोमाच्या सुरुवातीच्या स्टेजचीही नेहमीची ट्रीटमेंट आहे. त्यामुळे चुकीच्या नावाखाली बरोबर औषध मिळत राहतं, डाग जातात आणि खरं निदान पुढे ढकललं जातं. हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर थेरपी थांबल्यावर डाग परत आले तेव्हाच मी विचारलं असतं.

शेवटी ज्या डॉक्टरांनी पकडलं त्यांनी काय वेगळं केलं ते सांगते. पूर्ण अंग तपासलं, फक्त मी दाखवलेला डाग नाही. खोलीतला दिवा बंद करून वुड्स लॅम्प, म्हणजे अतिनील प्रकाशाचा दिवा, धरला, तर डाग कोडासारखे चकचकीत पांढरे दिसेनात, नुसते फिकटच राहिले. मग साधा टॉर्च कातडीला समांतर, बाजूने धरला आणि मला आरशात दाखवलं. कमरेखालच्या डागावर चुरगळलेल्या टिश्यूपेपरसारख्या बारीक बारीक सुरकुत्या, आणि नखाने हलकंसं खरवडलं की पिठासारखा कोंडा. समोरून बघताना हे काहीच दिसत नव्हतं, मी रोज बघत होते तरी. त्या म्हणाल्या, कोडाची कातडी रंग सोडला तर अगदी नॉर्मल असते, तिथे कोंडा आणि सुरकुती नसते, हे मला तपासूनच बघायचंय.

पहिली बायोप्सी नॉन स्पेसिफिक, म्हणजे ठोस निदान न देणारी, आली. मी मनात म्हटलं सुटलो. पण त्यांनी सोडलं नाही, सगळी मलमं बंद करायला लावली आणि काही आठवड्यांनी वेगवेगळ्या जागांहून परत घेतली, त्यात सापडलं.

इथे कुणाला अनुभव असेल तर लिहा, आणि डॉक्टर मंडळी असतील तर चुकलेलं दुरुस्त करा प्लीज.

*

मृद्गंध:

बापरे. वाचून पोटात गोळाच आला. माझ्या नऊ वर्षांच्या मुलाच्या गालांवर फिकट डाग आहेत, कडा नीट दिसत नाहीत, हात फिरवला की जरा खरखरीत लागतं. तुम्ही कोंडा लिहिलंत म्हणून विचारतेय. लगेच बायोप्सी करायला हवी का??

*

डॉ_अबोली:

मृद्गंध, आधी शांत व्हा. मी त्वचारोगतज्ज्ञ आहे, इथे फोटो बघून निदान करत नाही, पण तुम्ही सांगताय ते वर्णन पिटिरियासिस अल्बाचं आहे आणि ते मुलांमध्ये अतिशय कॉमन. गाल, कडा पुसट, किंचित खरखरीत, बरेचदा कोरड्या त्वचेच्या किंवा ॲलर्जीची प्रवृत्ती असलेल्या मुलांना. मॉइश्चरायझर लावा, उन्हाची काळजी घ्या, डॉक्टरांना एकदा दाखवून घ्या. गालावरच्या अशा डागाची कुणी लगेच बायोप्सी करत नाही. मात्र हेच डाग कमरेखाली, नितंबांवर, मांड्यांवर असते आणि वर्षभर हलले नसते तर माझं उत्तर वेगळं असतं, कारण मुलांमध्ये हा लिम्फोमा झालाच तर बहुतेक वेळा हायपोपिगमेंटेड प्रकारातच होतो.

रानवारा, फार महत्त्वाचं लिहिलंत. थोडी भर घालते.

नेहमीचा मायकोसिस फंगॉइड्स पन्नाशी साठीच्या आसपास लालसर चट्टे घेऊन येतो. पण हा पांढरट प्रकार मुख्यतः सावळ्या आणि गडद वर्णाच्या लोकांत आणि तरुण वयात दिसतो, अगदी शाळकरी मुलांतही. गडद त्वचेवर लाली नीट दिसत नाही, फिकटपणा मात्र लगेच उठून दिसतो, म्हणून पेशंट पांढऱ्या डागांची तक्रार घेऊन येतो आणि ऐकणाऱ्याच्या डोक्यात पहिलं नाव कोडाचंच येतं.

कोडात रंग तयार करणाऱ्या पेशी, मेलॅनोसाइट, त्या जागेवरून जवळजवळ नाहीशाच होतात, म्हणून डाग दुधासारखा पांढरा, कडा स्पष्ट, वुड्स लॅम्पखाली निळसर पांढरा झळकतो. जागाही ठरलेल्या, डोळ्यांभोवती, ओठांभोवती, बोटं, कोपरं, गुडघे, घर्षणाच्या जागा, आणि डागावरचे केसही कधी पांढरे होतात. लिम्फोमात मेलॅनोसाइट कमी होतात पण काही उरतात, म्हणून डाग अर्धवट फिकट. आणि जागा झाकलेल्या, ऊन न लागणाऱ्या: नितंब, ओटीपोट, मांड्या, छातीचा खालचा भाग, दंडाची आतली बाजू. मला जर एकच खूण निवडायला सांगितली तर मी जागा निवडेन.

शिबं ओळखणं त्यामानाने सोपं. छाती, पाठ, मान, खांद्यांवर, कोंडा खरवडून केओएच हे द्रावण टाकून मायक्रोस्कोपखाली बघितला की बुरशी दिसते, पाच मिनिटांचं काम. ते न करता वर्षभर बुरशीची मलमं लावत बसायचं काही कारणच नाही. कुष्ठरोगाचा विचार मात्र प्रत्येक फिकट चट्ट्यात करायलाच हवा, त्यावर स्पर्श, गरम गार कळतं का, घाम येतो का, नसा जाड लागतात का हे बघायचं. चेहऱ्यावरच्या डागात कधी संवेदना शाबूत असूनही कुष्ठरोग असतो, तेव्हा तिथेही शंका असेल तर बायोप्सीच. याखेरीज तरुणांच्या पाठीपोटावर येणारा प्रोग्रेसिव्ह मॅक्युलर हायपोमेलॅनोसिस, वयस्कांच्या हातापायांवरचे तांदळाएवढे पांढरे ठिपके, जुन्या एक्झिमानंतर राहिलेले फिकट डाग, अशी यादी लांब आहे. त्यामुळे फिकट डाग म्हणजे लिम्फोमा हे समीकरण कृपया कुणी धरू नका.

*

कातरवेळ:

मला स्पष्ट बोलू द्या, राग मानू नका. असे धागे वाचून उद्या प्रत्येक कोडाचा पेशंट बायोप्सी द्या म्हणून डॉक्टरांच्या डोक्यावर बसणार. मला स्वतःला कोड आहे, लहानपणापासून, आधीच लोकांच्या नजरा आणि फुकटचे सल्ले काय कमी असतात, त्यात आता हे कॅन्सर तर नाही ना. कोडाचा आणि कॅन्सरचा संबंध नाही हे कुणीतरी ठळक लिहा.

*

रानवारा:

कातरवेळ, राग कसला, तुमचं म्हणणं शंभर टक्के पटलं आणि हे मी वरच लिहायला हवं असं तुम्ही सुचवलंत ते बरं झालं. कोडाचा हा लिम्फोमा होत नाही. कोड हे कोडच राहतं. इथे प्रश्न फक्त एवढाच की जे कोड नव्हतंच त्याला कोड म्हटलं गेलं. तुमच्यासारखे ओठाबोटांवर दुधासारखे स्पष्ट डाग लहानपणापासून असतील तर त्यात शंकेला जागाच नाही, आणि तुमच्या मनाला त्रास व्हावा असा माझा अजिबात हेतू नाही.

*

डॉ_अबोली:

कातरवेळ यांच्याशी सहमत. मी बायोप्सीचा विचार कधी करते ते सांगते, म्हणजे कुणी उगाच घाबरणार नाही आणि ज्याला गरज आहे तो मागेही राहणार नाही. डाग मुख्यतः झाकलेल्या जागी आहेत, पूर्ण पांढरे नाहीत, काहींवर कोंडा, सुरकुती किंवा किंचित लाली आहे, आकार आणि माप एकसारखं नाही, महिनोन्महिने टिकून आहेत, आणि मलमाने किंवा लाइट थेरपीने जाऊन त्याच जागी परत येतात. यातल्या दोनतीन गोष्टी एकत्र दिसल्या की मी थांबत नाही. खाज असेलच असं नाही, बऱ्याच जणांना काहीच होत नाही, त्यामुळे खाज नाही म्हणून निर्धास्त राहू नका.

*

स्लाइडवाली:

मी पॅथॉलॉजिस्ट, त्वचेच्या स्लाइड्स बघणं हेच रोजचं काम, म्हणून टेबलाच्या या बाजूने लिहिते. पेशंटला वाटतं बायोप्सी म्हणजे हो की नाही असं मशीन उत्तर देतं. या आजारात तसं होत नाही आणि इथेच बहुतेकांचा वेळ जातो.

सुरुवातीच्या चट्ट्यात वाईट पेशी फार थोड्या असतात आणि साध्या दाहाच्या लिम्फोसाइटमध्ये, म्हणजे नेहमीच्या पांढऱ्या पेशींमध्ये, मिसळलेल्या असतात. आम्ही शोधतो ते हे की लिम्फोसाइट वरच्या थरात, एपिडर्मिसमध्ये, शिरलेत का, आणि शिरलेत तर एक्झिमासारखी सूज तिथे आहे का. सूज नाही आणि तरी लिम्फोसाइट तळाच्या ओळीला रांगेने चिकटून बसलेत, प्रत्येकाभोवती रिकामं पांढरं कडं, न्यूक्लियस खालच्या थरातल्यांपेक्षा मोठा, गडद, वेडावाकडा, हे दिसलं की मी खुर्चीत सरळ होते. त्यांचे घोळके, ज्याला पॉट्रिए मायक्रोॲब्सेस म्हणतात, पुस्तकात फार छान दिसतात पण सुरुवातीच्या केसमध्ये मिळतीलच असं नाही. मिळाले नाहीत म्हणून आजार नाही असं कुणी लिहू नये.

मग इम्युनो, म्हणजे पेशींवरच्या सीडी ४, सीडी ८ अशा नावांच्या खुणा रंगवून बघायची टेस्ट. नेहमीच्या मायकोसिस फंगॉइड्समध्ये सीडी ४ च्या पेशी जास्त असतात, हायपोपिगमेंटेडमध्ये बरेचदा सीडी ८ च्या. सीडी ७ हरवलेला असतो पुष्कळदा. गोम अशी की नव्याने पसरणाऱ्या कोडाच्या कडेलाही सीडी ८ लिम्फोसाइट मेलॅनोसाइटवर हल्ला करत असतात, तेव्हा नुसता सीडी ८ पॉझिटिव्ह बघून कुणाला लिम्फोमाचं लेबल लावणं हीसुद्धा तेवढीच घातक चूक. २००६ साली इजिप्तमधल्या डॉक्टरांनी कोड आणि हा आजार यांच्या स्लाइड्स शेजारी ठेवून तुलना केली होती, त्यात लिम्फोसाइटचं वर शिरणं आणि थोडे मेलॅनोसाइट शिल्लक असणं या गोष्टी लिम्फोमाच्या बाजूने गेल्या. मी अजून त्याच दोन गोष्टी आधी बघते.

टी सेल रिसेप्टरची पीसीआर ही जनुकांची टेस्ट करतात ती पेशी एकाच मुळातून वाढल्यात का हे बघायला. मदत होते, पण लायकेन प्लॅनससारख्या कॅन्सर नसलेल्या त्वचारोगातही ती कधी पॉझिटिव्ह येते आणि लवकरच्या लिम्फोमात निगेटिव्हही. म्हणून २००५ मध्ये आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांच्या गटाने पॉइंट पद्धत सुचवली: क्लिनिकल चित्राला जास्तीत जास्त २, स्लाइडला २, पीसीआरला १, इम्युनोला १, आणि एकूण ४ झाले तर निदान धरायचं. बघा, तपासणाऱ्या डॉक्टरच्या डोळ्यांना स्लाइडइतकंच वजन आहे.

आता कळकळीची विनंती. आमच्याकडे येणाऱ्या फॉर्मवर नुसतं ‘पांढरा डाग, कोड?’ असं लिहून येतं. मला माहीतच नाही की डाग नितंबावर आहे, वर्षानुवर्षं आहे, थेरपीने जाऊन परत आलाय. हे लिहिलेलं असेल तर मी जास्त सेक्शन, म्हणजे पातळ काप, कापते, इम्युनो सुचवते. पेशंटने स्वतः डॉक्टरांना म्हणावं की फॉर्मवर मायकोसिस फंगॉइड्सची शंका लिहा. आणि बायोप्सीआधी दोन ते चार आठवडे त्या जागी स्टेरॉइड मलम बंद, लाइट थेरपी बंद, अर्थात डॉक्टरांना विचारून. स्टेरॉइडने लिम्फोसाइट पळून जातात आणि मी रिपोर्ट देते ‘नॉन स्पेसिफिक’. त्याचा अर्थ या तुकड्यात उत्तर मिळालं नाही एवढाच.

*

निळावंती:

स्लाइडवाली ताई, दंडवत तुम्हाला. हा प्रतिसाद प्रिंट काढून ठेवणार.

*

चंद्रमौळी:

माझ्या धाकट्या भावाला हाच आजार आहे, त्यामुळे निदान झाल्यावर पुढे काय यावर लिहितो कारण लिम्फोमा शब्द ऐकला की माणूस अर्धा तिथेच संपतो. आमच्या आईने तर जेवण सोडलं होतं.

पहिल्यांदा स्टेज काढतात. पेशंटचा स्वतःचा तळहात बोटांसकट म्हणजे शरीराचा साधारण १ टक्का भाग, त्या हिशोबाने डाग मोजतात. १० टक्क्यांपेक्षा कमी आणि गाठी वगैरे काही नाही तर स्टेज १ ए, जास्त तर १ बी. लिम्फ नोड हाताने चाचपतात, रक्ततपासणी होते. भावाला सरसकट पेट स्कॅन लागला नाही, त्यांच्या डॉक्टरांनी समजावलं की एवढ्या लवकरच्या स्टेजला साधारणपणे गरज नसते. १ ए च्या पेशंटचं आयुर्मान इतर लोकांइतकंच असतं हे आम्हाला दोन वेगळ्या डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा कुठे घरात लोक नीट झोपले. आणि पांढरट प्रकार तर जास्तच संथ मानला जातो.

केमोथेरपी वगैरे नाही. स्टेरॉइड मलम आणि नॅरोबँड यूव्हीबी, आठवड्यातून तीनदा. परदेशात मेक्लोरेथामिन नावाचं त्वचेवर लावायचं औषधी जेलही वापरतात, अमेरिकेत त्याला २०१३ मध्ये मान्यता मिळाली. रंग भरून येणं हीच औषध लागू पडल्याची खूण, पण डाग गेल्या गेल्या थेरपी बंद केली नाही, हळूहळू कमी केली, आणि तरी परत येऊ शकतं हे गृहीत धरून दर काही महिन्यांनी अंगभर तपासणी चालूच आहे. संसर्गजन्य नाही, टॉवेल वेगळा करायची गरज नाही, हे पण लिहून ठेवतो कारण नातेवाईक विचारतातच.

*

निळावंती:

माझा प्रश्न जरा वेगळा. बहिणीला मोठेपणी एक्झिमा सुरू झाला असं सांगून ड्युपिलुमॅबची इंजेक्शनं चालू केली, खाज जरा कमी झाली पण चट्टे वाढतच चाललेत, काही पांढरे काही तपकिरी, आणि आधी कधीच नव्हते अशा जागी, कमरेला, मांडीला. लहानपणी तिला एक्झिमा कधीच नव्हता. उगाच शंका घेतेय का मी?

*

डॉ_अबोली:

निळावंती, शंका योग्य आहे आणि तिला या आठवड्यातच तिच्या डॉक्टरांकडे पाठवा. लहानपणी काही नसताना मोठेपणी अचानक एक्झिमा, आणि ड्युपिलुमॅब सुरू केल्यावर चट्टे वाढले, अशा काही पेशंटमध्ये मागाहून त्वचेचा टी सेल लिम्फोमा सापडल्याचं अनेक ठिकाणांहून प्रसिद्ध झालंय. बहुतेकांच्या बाबतीत आजार आधीपासूनच असावा आणि नंतर उघडा पडला असं मानतात. सायक्लोस्पोरिन या प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या औषधानेही हा आजार बिघडू शकतो. म्हणूनच प्रतिकारशक्तीवर काम करणारं कुठलंही औषध देण्याआधी निदानाबद्दल जरा जरी खटकत असेल तर बायोप्सी आधी, औषध नंतर, याबाबतीत मी हट्टी आहे. पुढचं इंजेक्शन घ्यायचं की नाही हे त्यांनाच ठरवू द्या, स्वतःहून थांबवू नका. तिला एक्झिमाच निघेल अशीही पूर्ण शक्यता आहे.

*

निळावंती:

उद्याची अपॉइंटमेंट घेतली. फोटो तारखांसकट फोनमध्ये आहेत ते सगळे एका फोल्डरमध्ये टाकलेत.

*

स्लाइडवाली:

हे फार छान केलंत. डाग कधी कुठे होता आणि किती दिवस टिकला याचे तारखेसकट फोटो असले की आमचं निम्मं काम होतं. फोटो काढताना एक लांबून, एक जवळून, आणि एक बाजूने उजेड पडेल असा.

*

कातरवेळ:

माझा आधीचा सूर जरा चढा होता पण रानवारा आणि डॉक्टरांनी कोडाचा कॅन्सर होत नाही हे सरळ लिहिलंत त्याबद्दल मनापासून आभार. एक विचारायचं होतं, माझ्या मामेभावाची जुनी बायोप्सी आहे, नॉन स्पेसिफिकच आली होती, डाग अजून आहेत आणि कमरेलाच आहेत. ती स्लाइड दुसरीकडे दाखवता येते का की नव्याने कापाकापी?

*

स्लाइडवाली:

येते की. जिथे बायोप्सी तपासली गेली तिथे अर्ज करून स्लाइड आणि पॅराफिन ब्लॉक (मेणात जपलेला बायोप्सीचा तुकडा) दोन्ही मागायचे, रिपोर्टवरचा नंबर अर्जात लिहायचा. ब्लॉकमधून नवीन सेक्शन कापून इम्युनो करता येतं, पीसीआरही बरेचदा करता येते. त्वचेच्या लिम्फोमाचा अनुभव असलेल्या डर्मॅटोपॅथॉलॉजिस्टकडेच पाठवा, आणि सोबत डागांची जागा, किती वर्षं आहेत, त्या वेळी कुठलं मलम चालू होतं हे एका कागदावर लिहून द्या. तुकडा लहान असेल किंवा तेव्हा स्टेरॉइड चालू असेल तर मात्र नव्याने घ्यावीच लागेल, एकाच वेळी दोनतीन जागांहून, आणि ज्या डागावर कोंडा किंवा सुरकुती आहे तो त्यात असायलाच हवा.

*

कातरवेळ:

त्याला हाच प्रतिसाद पाठवला. रिपोर्ट कपाटात आहे म्हणतोय, नंबर शोधून आजच अर्ज लिहितो.